दूरदर्शनच्या चित्रामागील घड्याळ

(गोखिवरे येथे परिसरातील शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय अधिकारी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वसई रोड रेल्वे स्थानकाच्या पूर्वेस, मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्गाकडे निघाले की गोखिवरे लागते. पूर्वी ठाणे जिल्ह्यात असलेला हा भाग १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडतो. २००९ साली स्थापन झालेल्या वसई-विरार महानगरपालिकेच्या हद्दीत गाव आले, कारखान्यांचे गाळे वाढले, चाळींच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. तरी महामार्ग ओलांडून तुंगारेश्वराच्या डोंगराकडे वळावे, तर पाड्यांवरील कौलारू घरे आजही दिसतात. इमारतीच्या गच्चीवर आणि पाड्यावरील कुडाच्या भिंतीलगत अशा दोन्ही ठिकाणी एक वस्तू मात्र सारखीच आढळते. ती म्हणजे दूरदर्शनची तबकडी, जिला सर्वजण ‘डिश’ म्हणतात. या तबकडीने पकडलेल्या अतिशय क्षीण लहरींतून स्थिर चित्र व स्पष्ट आवाज कसा निर्माण होतो, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. त्याचे उत्तर बऱ्याच अंशी एका शब्दात सामावले आहे, आणि तो शब्द म्हणजे वेळ.

हा विषय अभियंत्यांचा आहे, त्याच्याशी शिक्षकाचा किंवा पंचायत सदस्याचा काय संबंध, असे कोणासही वाटणे स्वाभाविक आहे. त्यासाठी २०२० सालाची आठवण करणे पुरेसे ठरेल. कोरोनाच्या साथीने शाळा बंद होत्या. त्या वर्षीच्या जुलै महिन्यापासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही पाठमाला सुरू झाली. केंद्र शासनानेही त्याच वर्षी इयत्तानिहाय शैक्षणिक वाहिन्यांची योजना जाहीर केली व त्या डीडी फ्री डिशवर विनामूल्य उपलब्ध झाल्या. ज्या घरात भ्रमणध्वनी एकच आणि तोही कामावर जाणाऱ्या वडिलांच्या खिशात, त्या घरातील मुलाची शाळा म्हणजे दूरदर्शन संच. अशा वेळी पडद्यावरील चित्र गोठले, चौकोनांत फुटले किंवा बाईंचे ओठ आणि शब्द यांची फारकत झाली, तर त्या दिवसाचा पाठ बुडाला. बिघाड पुष्कळदा क्षुल्लक असतो. तो कशाचा हे न कळल्यामुळे मात्र नवा डबा विकत घेण्यापर्यंत मजल जाते आणि गरीब कुटुंबाला तो भुर्दंड सोसवत नाही.

काळाचा मेळ ही गोष्ट अंकीय दूरदर्शनाबरोबर आली असे नव्हे. मुंबई दूरदर्शन केंद्राचे प्रक्षेपण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या जुन्या पद्धतीत चित्र ६२५ आडव्या रेषांचे असे व अशी २५ चित्रे दर सेकंदास पाठविली जात. म्हणजे सेकंदाला १५,६२५ रेषा, आणि प्रत्येक रेषेच्या वाट्यास ६४ मायक्रोसेकंद. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. प्रत्येक रेषेच्या आरंभी केंद्राकडून एक इशारा येई आणि घरातील संच त्या इशाऱ्याबरहुकूम नवी रेषा ओढू लागे. संचाच्या मागे ‘होल्ड’ नावाची एक कळ असे. इशारा आणि संच यांची चुकामूक झाली की चित्र पंख्यासारखे वर-वर पळत सुटे किंवा तिरपे फाटे, आणि घरातील जाणता मनुष्य उठून ती कळ हलकेच फिरवी. वरून पाहता ती साधी कळ होती, पण पडद्यासमोर बसलेल्या साऱ्या शेजाऱ्यांचे लक्ष तिच्यावर असे! काळाचा मेळ घालण्याचे काम तेव्हा अंशतः माणसाकडे होते, एवढाच याचा अर्थ.

दुसरी अडचण प्रतिध्वनीची. वरळी येथील दूरदर्शनचा तीनशे मीटर उंच मनोरा गोखिवऱ्यापासून सरळ रेषेत सुमारे ४५ किलोमीटरवर आहे. प्रकाशाच्या वेगाने निघालेली लहर हे अंतर सुमारे १५० मायक्रोसेकंदांत तोडते. समजा, तीच लहर गावाच्या पूर्वेस पाच किलोमीटरवरील डोंगरउतारावर आदळून परत आली, तर तिला सव्वापाच किलोमीटरच्या आसपास जादा प्रवास घडतो आणि ती १७ ते १८ मायक्रोसेकंद उशिरा पोहोचते. हा उशीर क्षुल्लक वाटेल. परंतु ६४ मायक्रोसेकंदांच्या रेषेत प्रत्यक्ष चित्राचा भाग ५२ मायक्रोसेकंदांचा असल्यामुळे, पडद्याच्या रुंदीचा एक तृतीयांश भाग सरकलेली दुसरी फिकट प्रतिमा मूळ चित्रावर उमटू शकते. तिला लोक ‘भूत’ म्हणत. जवळच्या इमारतीवरून तीनशे मीटरचा वळसा घेऊन आलेली लहर एकच मायक्रोसेकंद मागे राही आणि वृत्तनिवेदकाच्या खांद्याला चिकटून दुसरा खांदा दिसे. चित्र खराब दिसे, पण दिसे. जुन्या पद्धतीचा हा एक मोठा गुण होता, हे मान्य केले पाहिजे.

अंकीय प्रक्षेपणात तसे घडत नाही. येथे चित्र रेषारेषांनी येत नाही, अंकांच्या स्वरूपात येते. ठरावीक काळाच्या एका तुकड्यात लहरीची एक विशिष्ट अवस्था असते. या तुकड्यास ‘चिन्ह’ म्हणू. ग्राही यंत्राने प्रत्येक चिन्हाच्या नेमक्या क्षणी मोजमाप घेतले तर अंक बरोबर वाचले जातात. ते क्षण चुकले तर शेजारच्या दोन चिन्हांची सरमिसळ होते. थोडीशी चूक यंत्र स्वतः दुरुस्त करू शकते, त्यासाठी जादा अंक मुद्दाम पाठविलेले असतात. ही सहनशक्ती संपली की चित्र मंद होत नाही, एकदम नाहीसे होते. कड्याच्या टोकापर्यंत सपाट रस्ता असावा आणि पुढचे पाऊल दरीत पडावे, तसा हा प्रकार आहे. म्हणूनच ‘काल संध्याकाळपर्यंत चित्र उत्तम होते’ या तक्रारीत अविश्वास ठेवण्याजोगे काही नसते.

फ्री डिशचेच उदाहरण घ्यावे. दूरदर्शनची ही विनाशुल्क सेवा डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू झाली. तिच्या वाहिन्या नंतर जीसॅट-१५ या उपग्रहावरून येऊ लागल्या. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचा हा उपग्रह नोव्हेंबर २०१५ मध्ये फ्रेंच गियानातील कुरू येथून सोडण्यात आला व विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशावर ठेवण्यात आला. गोखिवऱ्यापासून त्याचे अंतर सुमारे ३६,६५० किलोमीटर भरते. त्याच्या अनेक प्रवाहांत सेकंदाला २ कोटी ९५ लाख चिन्हे येतात, म्हणजे एका चिन्हाचा काळ सुमारे ३४ नॅनोसेकंद. नॅनोसेकंद हा मायक्रोसेकंदाचाही हजारावा भाग. एवढ्या काळात प्रकाश जेमतेम दहा मीटर जातो, म्हणजे शाळेच्या एका वर्गखोलीच्या लांबीहून थोडा अधिक. शिवाय उपग्रह स्थिर म्हटला जातो, तरी आपल्या नेमून दिलेल्या जागेत तो काही दहा किलोमीटर मागेपुढे झुलत असतो. तो दहा मीटर सरकला तरी सारी चिन्हे एका घराने पुढेमागे होतात. तेव्हा ग्राही यंत्राने एकदा घड्याळ लावून स्वस्थ बसणे शक्य नाही, त्याला अखंड जागे राहावे लागते.

हे जागे राहणे कसे साधते? अमेरिकन अभियंता फ्लॉइड गार्डनर यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेली एक युक्ती यासाठी पुष्कळ प्रचारात आहे. तिची कल्पना झोपाळ्यावरून समजेल. झोपाळा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातो तेव्हा वाटेत बरोबर मध्यबिंदूवरून जातो. दर झोक्याला दोन छायाचित्रे घ्यावीत, एक टोकाला आणि एक अर्ध्या वाटेवर. अर्ध्या वाटेच्या छायाचित्रात झोपाळा ऐन मध्यावर असेल तर आपले घड्याळ बरोबर आहे. तो मध्याच्या अलीकडे दिसला तर छायाचित्र लवकर घेतले गेले, पलीकडे दिसला तर उशिरा. ग्राही यंत्र दर चिन्हामागे दोन मापे घेते, मधल्या मापावरून चूक किती व कोणत्या दिशेची ते ठरविते आणि पुढील मापाचा क्षण तितकाच सरकविते. पूर्वीच्या संचांत यासाठी स्फटिकाच्या आंदोलकाचा वेगच कमीजास्त केला जाई. अलीकडे स्फटिक आपल्या गतीने चालू देतात आणि दोन मापांच्या मधल्या क्षणी लहर किती असेल ते गणिताने काढतात. हिशेबाचे हे काम डब्यातील एका इवल्याशा चकतीवर सेकंदाला कोट्यवधी वेळा होते. बाजारात काही शे रुपयांना मिळणाऱ्या वस्तूत एवढे गणित दडलेले असावे, याचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही.

जमिनीवरील मनोऱ्यावरून होणारे अंकीय प्रक्षेपण वेगळ्या वाटेने जाते. दूरदर्शनने २०१६ च्या फेब्रुवारीत देशातील १६ शहरांत डीव्हीबी-टी२ पद्धतीचे असे प्रक्षेपण सुरू केले. त्यांत मुंबई होती आणि तेव्हाचे औरंगाबादही होते. जुन्या पद्धतीची प्रक्षेपण केंद्रे मात्र क्रमाक्रमाने बंद करण्यात आली. संरक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाची थोडी ठिकाणे वगळता २०२२ च्या मार्चपर्यंत ही मोहीम पुरी करण्याचे प्रसार भारतीने ठरविले होते.

या पद्धतीत एकाच लहरीवर घाईघाईने चिन्हे पाठविण्याऐवजी हजारो बारीक लहरी एकदम सोडतात आणि प्रत्येकीवर चिन्ह सावकाश पाठवितात. एका प्रकारात अशा ६,८१७ लहरी असतात आणि चिन्हाचा काळ ८९६ मायक्रोसेकंद असतो. डोंगराच्या प्रतिध्वनीचा उपद्रव टाळण्यासाठी जी योजना केली आहे ती मोठी कल्पक आहे. भजनातील आठ मात्रांचे आवर्तन मनात आणावे. पखवाजवाद्याने आवर्तन सुरू करण्यापूर्वी त्याच आवर्तनाच्या शेवटच्या दोन मात्रा आधी वाजविल्या, तर एकंदर दहा मात्रा कानी पडतील. आता ऐकणाऱ्याने पहिल्या दोन मात्रांत कोठूनही मोजण्यास आरंभ करून आठ मात्रा मोजल्या, तरी आवर्तनातील प्रत्येक मात्रा त्याला एकेकदाच आणि सगळ्याच्या सगळ्या मिळते. फक्त सम वेगळ्या जागी येते, आणि ती कोठे आली हे कळले की हिशेब जुळतो. अंकीय प्रक्षेपणात नेमके हेच करतात. प्रत्येक चिन्हाच्या शेवटचा भाग त्याच्या आधी पुन्हा जोडतात. यास ‘रक्षक काळ’ म्हणता येईल. ८९६ मायक्रोसेकंदांच्या चिन्हाला तो जास्तीत जास्त २२४ मायक्रोसेकंदांचा देता येतो. म्हणजे ६७ किलोमीटरचा वळसा घेऊन आलेला प्रतिध्वनीही त्यात सामावतो, तेथे तुंगारेश्वराच्या १७-१८ मायक्रोसेकंदांची काय कथा! जुन्या चित्रात जे भूत होऊन येई, तेच येथे मूळ लहरीला मदतही करू शकते.

हीच जोडलेली शेपटी ग्राही यंत्राला चिन्हाचा आरंभही दाखविते. आलेली लहर यंत्र ८९६ मायक्रोसेकंद आधीच्या लहरीशी सतत ताडून पाहते. जेथे दोन्ही तंतोतंत जुळतात तेथे मूळ शेपटी आणि तिची नक्कल समोरासमोर आलेल्या असतात, म्हणजेच चिन्हाची सीमा सापडली. याखेरीज डीव्हीबी-टी२ मध्ये प्रत्येक मोठ्या चौकटीच्या आरंभी २२४ मायक्रोसेकंदांचे एक खास ओळखचिन्ह असते. नुकताच चालू केलेला संच प्रथम त्याचा शोध घेतो. नाक्यावर उभ्या असलेल्या माणसाने गर्दीतून आधी मिरवणुकीचा झेंडा हेरावा, तसेच हे. एकदा सीमा सापडली तरी काम संपत नाही. संचातील स्फटिक दहा लाखांत तीस भाग जरी चुकत असला, तरी मोजणीची खिडकी दर सेकंदास ३० मायक्रोसेकंद सरकते आणि सात-आठ सेकंदांत साऱ्या २२४ मायक्रोसेकंदांच्या रक्षक काळाबाहेर पडते. म्हणून लहरींमध्ये ठरावीक जागी माहीत असलेल्या किमतीचे मार्गदर्शक संकेत पेरलेले असतात आणि त्यांच्यावरून यंत्र ही घसरण दर चिन्हाला सावरून घेते.

अंक बरोबर वाचले गेले म्हणजे चित्र दिसले, असेही नाही. येथे आणखी एक घड्याळ पुढे येते आणि घरोघरीच्या तक्रारींपैकी निदान काहींचे मूळ त्यात असते. वाचलेले अंक १८८ बाइटांच्या पाकिटांत बांधलेले असतात. प्रत्येक पाकिटाचा पहिला बाइट एकच ठरलेला असतो, त्यामुळे पाकीट कोठे सुरू झाले ते कळते. ही पाकिटे डब्याच्या स्मृतीत साठतात आणि तेथून चित्राच्या गतीने खर्च होतात. गावच्या पाण्याच्या टाकीसारखी ही व्यवस्था आहे. वरून पाणी येत असते, खालून नळ चालू असतात. आवक आणि जावक यांत अगदी थोडा फरक असला तरी आज ना उद्या टाकी एकतर कोरडी पडते, नाही तर वाहू लागते. केंद्रातील घड्याळ सेकंदाला २ कोटी ७० लाख ठोके देते आणि त्यात दहा लाखांत तीस भागांहून अधिक चूक चालत नाही. डब्यातील घड्याळात तेवढाच फरक आहे असे समजल्यास दिवसभरात सुमारे २.६ सेकंदांची तफावत पडेल. सेकंदाला २५ चित्रांच्या हिशेबाने ती ६५ चित्रे होतात. हे टाळण्यासाठी केंद्र दर सेकंदात निदान दहा वेळा आपल्या घड्याळाची वेळ पाकिटांतून कळविते आणि डबा त्याबरहुकूम आपले घड्याळ हळूहळू मागेपुढे करतो. हळूहळू हा शब्द महत्त्वाचा आहे. पाकिटे वाटेत थोडी पुढेमागे होतात, आणि प्रत्येक धक्क्यासरशी घड्याळ हलविले तर चित्राचे रंगही डळमळू लागतील.

प्रत्येक चित्रावर व आवाजाच्या प्रत्येक तुकड्यावर ‘अमुक क्षणी दाखवावे, अमुक क्षणी ऐकवावे’ असा शिक्का असतो. ओठ आणि शब्द यांचा मेळ राहतो तो या शिक्क्यांमुळे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने केलेल्या शिफारशीनुसार, आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे गेला किंवा १२५ मिलिसेकंद मागे पडला की सामान्य प्रेक्षकास ते जाणवू लागते. पुढे गेलेला आवाज लवकर खटकतो, कारण निसर्गात तसे कधीच घडत नाही. पलीकडच्या काठावरील धोबी कपडा आपटतो, ते आधी दिसते आणि मग ऐकू येते. भाषेचे पाठ पाहणाऱ्या लहान मुलाला हा मेळ मोठ्या माणसापेक्षा अधिक गरजेचा आहे. ‘प’चा उच्चार ओठांच्या कोणत्या ठेवणीने होतो हे ते बाईंच्या तोंडाकडे पाहूनच शिकत असते.

आता व्यवहाराकडे वळणे योग्य होईल. डब्याच्या यादीत लहरींची दोन मापे दाखविणाऱ्या पट्ट्या असतात, एक तीव्रतेची आणि दुसरी गुणवत्तेची. पुष्कळ लोक पहिलीच पट्टी पाहतात. तीव्रता भरपूर पण गुणवत्ता शून्य, याचा अर्थ तबकडीवर काही तरी ऊर्जा येत आहे, परंतु डब्याला चिन्हांचा ठोका सापडलेला नाही. अशा वेळी तबकडी भलत्याच उपग्रहाकडे वळलेली असते, किंवा डब्यात चिन्हांचा दर चुकीचा भरलेला असतो, किंवा तबकडीसमोरील ग्राहक, ज्याला सर्वत्र ‘एलएनबी’ म्हणतात, उन्हापावसाने बिघडून त्याच्या आंदोलकाची वारंवारता सरकलेली असते. दुपारी चित्र जाते व रात्री आपोआप येते, ही तक्रार असेल तर संशय प्रथम या एलएनबीवर घ्यावा. डबा बदलून अशा ठिकाणी काहीही साधत नाही. दोन्ही पट्ट्या एकदम उतरल्या असतील तर केबलच्या जोडात पाणी शिरले आहे का ते पाहावे. वसईच्या पावसाळ्यात याचा अनुभव कोणाला नाही?

तबकडीची दिशा हीदेखील सांगोवांगीवर सोडण्याजोगी गोष्ट नाही. गोखिवऱ्यातून जीसॅट-१५ हा आग्नेयेस, उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने सुमारे १३१ अंशांवर आणि क्षितिजापासून सुमारे ५७ अंश उंचीवर येतो. एवढ्या उंचीमुळे पूर्वेकडील डोंगर आड येत नाही. आड येतो तो आग्नेयेकडील माड, आंबा किंवा नवी इमारत. उन्हाळ्यात लावलेली तबकडी पहिल्या पावसानंतर पालवीने झाकली गेली, असेही घडते. शाळेच्या किंवा समाजमंदिराच्या तबकडीसाठी जागा ठरविताना पुढील दहा वर्षांत झाड किती वाढेल याचा विचार ग्रामपंचायतीने केलेला बरा. खांब पक्का रोवण्यासाठी लागणारे सिमेंट आणि एक जलरोधक जोड यांवर केलेली काटकसर शेवटी महागच पडते.

शाळेतील संचाच्या नोंदवहीत दोन्ही पट्ट्यांचे आकडे महिन्यातून एकदा, आणि शक्यतो एकाच वेळी, लिहून ठेवण्याची पद्धत शिक्षकांनी घातली तर तंत्रज्ञाचे निम्मे काम हलके होईल. चित्र उत्तम असतानाही गुणवत्तेचा आकडा महिन्यागणिक उतरत असेल, तर कडा जवळ आला आहे असे समजावे. वर्गातील मुलांकडूनही ही नोंद करून घेता येईल. आलेख काढण्यासाठी याहून जिवंत आकडे कोठे मिळणार?

एक शंका नेहमी विचारली जाते. दोन घरांतील दूरदर्शनवर तेच भाषण मागेपुढे का ऐकू येते, आणि पडद्यावरील घड्याळ मनगटावरील घड्याळाच्या मागे का असते? केंद्रापासून उपग्रहापर्यंत आणि तेथून घरापर्यंतच्या प्रवासातच सुमारे पाव सेकंद जातो. चित्र अंकांत बांधण्यास व डब्यात पुन्हा सोडविण्यास आणखी वेळ लागतो आणि तो निरनिराळ्या सेवांमध्ये निरनिराळा असतो. त्यामुळे शाळेची घंटा दूरदर्शनच्या घड्याळावर लावू नये.

वाहिनी बदलल्यावर पडदा क्षणभर काळा राहतो, तेही याच कारणाने. त्या अवधीत डबा चिन्हांचा ठोका पकडतो, पाकिटांची सीमा शोधतो, केंद्राच्या घड्याळाशी आपले घड्याळ जुळवितो आणि ज्यापासून पुढील चित्रे बांधता येतील अशा पहिल्या पूर्ण चित्राची वाट पाहतो. वीज जाऊन आल्यावर यात डबा सुरू होण्याच्या वेळेची भर पडते. पाठ दहा वाजता असेल तर संच दहाला पाच कमी असतानाच लावावा, आणि पडदा काळा असताना रिमोटची कळ पुन्हा पुन्हा दाबू नये. प्रत्येक नव्या वाहिनीबरोबर डब्याला ही सारी जुळवाजुळव पहिल्यापासून करावी लागते.